किनाऱ्यावरचे दोन ठिपके

वासुदेवरावांचा जन्म देवळीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरकी करण्यात गेला. त्यांनी गणपती रंगवले, पुढाऱ्यांचे चेहरे रंगवले, शेजारच्या बंडूजींची बैलजोडीसुद्धा हौसेनं काढून दिली. बायको तेवढी राहिली. "माह्यापेक्षा बैलाचं नशीब बरं," असं लीलाबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या, आणि मास्तर हसून वेळ मारून न्यायचे.

नालवाडीच्या घरात, बैठकीत, त्यांनी काढलेलं समुद्राचं चित्र होतं. दोघं आयुष्यात एकदाच कोकणात गेले होते, तिथलं. लाटा, माड आणि लांबच लांब वाळू. वरची काच केव्हाच फुटली होती. यंदा दिवाळीची साफसफाई करताना लीलाबाईंना वाळूवर माशीचे डाग दिसले. पदर खोचून त्यांनी ते ओल्या फडक्यानं घासून काढले आणि चित्र ओसरीवर नेऊन मास्तरांना मोठ्या कौतुकानं दाखवलं. मास्तरांनी वाळूच्या त्या जागेवर नजर टाकली. "झालं साफ," एवढंच म्हणाले.

भाऊबीजेला नात अंकिता आली. "आजी, इथली माणसं कुठं गेली?" म्हणत तिनं मोबाइलमधला चित्राचा जुना फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. जांभळ्या साडीतली एक बाई निऱ्या सावरत पाण्याकडे निघाली होती. मागं एक माणूस, त्या बाईच्या चपला हातात धरून.

ती साडी लीलाबाईंनी कोकणात जायचं म्हणूनच घेतली होती. चपला भिजू नयेत म्हणून यांनीच धरल्या होत्या.

फोन घेऊन त्या ओसरीवर गेल्या. लकवा मारल्यापासून मास्तर तिथंच खुर्चीत बसलेले असत.

"ही मी व्हय?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई? म्या पुसून दाखवलं, तवाही गप बसले तुम्ही."

"शाळेतले लोक घरी येत. मास्तराच्या हातात बायकोच्या चपला पाहून काय म्हणतीन, असं वाटे. म्हणून बारीक काढलं. आन् पुसल्यावर सांगून तुले कायले रडवू?"

लीलाबाईंना रडू आवरेना. राग सगळा स्वतःचाच आला होता, पण तोंडातून भलतंच निघालं. "मोठं काढलं असतं, तर म्या पुसलं असतं का?"

मास्तरांनी मांडीवरच्या निर्जीव उजव्या हाताकडे पाहिलं.

"चुकलंच माह्यं," ते म्हणाले.

तुमचं नाही, माझं चुकलं, एवढंच लीलाबाईंना म्हणायचं होतं. ते काही केल्या ओठांवर आलं नाही.