पन्हळीतला भुसा

दुधाच्या शीतगृहातला गारवा करणारे यंत्र विजेऐवजी गरम पाण्याच्या उष्णतेवर चाले. दिवसा ते पाणी छतावरच्या आरशांनी एकवटलेल्या उन्हाने तापे. ऊन गेले की खालच्या भुशाच्या बॉयलरवर. बॉयलर एक वयस्क कामगार सांभाळी. आरसे धुण्याचे काम त्याच्या मेहुण्याकडे होते.

त्या दिवशी बॉयलरवाल्याची बायको इस्पितळातून सुटणार होती. "न्यायला मीच येईन," असा शब्द त्याने दिला होता. बॉयलर पेटवून पुढच्या पाळीच्या हवाली करायचा आणि निघायचे, एवढेच उरले होते.

दुपारीच आभाळ भरून आले. त्याने ढिगात फावडे घातले, तर भुसा लगद्यासारखा वर आला.

"काय रे, भुशाला आंघोळ घातलीस?"

"आरसे धुतले, दाजी. नाही धुतले तर धूळ साचली म्हणून तुम्हीच ओरडता."

"पाणी पन्हळीतून बाहेर जातं. इथं कसं आलं?"

मेहुण्याने भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या पन्हळीत हात घालून मूठभर कुजका भुसा काढला. झाडताना बॉयलरवाला रोज तिकडेच कचरा सारत असे; पन्हळ तुंबून पाणी ढिगात शिरले होते.

"हा काय मी वर बसून टाकत होतो?"

शीतगृहाच्या तापमापकाचा काटा वर सरकू लागला होता. दूध नासायला फार वेळ लागणार नव्हता. ढिगाच्या पोटातला कोरडा भुसा हाताने निवडून, थोडा थोडा टाकून जाळ धरावा लागणार होता. ते मेहुण्याला काय, पुढच्या पाळीच्या नवख्या माणसालाही जमणारे नव्हते.

"तू जा. तुझ्या ताईला घेऊन ये."

"मला फाडून खाईल ती!"

"खाऊ दे. तिचं पोट भरलं तर मी सुटेन."

जाळ धरला तेव्हा त्याचे खांदे भरून आले होते. काटा थांबला, मग हळूहळू उतरू लागला. संध्याकाळी रिक्षा घरी न जाता फाटकाशीच थांबली. बायको भिंतीच्या आधाराने आत आली.

"तो म्हणतो, पन्हळ तुम्ही बुजवलीत."

"पाणी त्यानं सोडलं."

"दोघांवर चालतं ना तुमचं हे यंत्र? मग बिघडवलंतही दोघांनी."

त्याने बाकावरचा भुसा हाताने झटकला.

"बस. मला अजून निघता येणार नाही."

"दिसतंय ते," ती म्हणाली, आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. त्याने पुन्हा फावडे उचलले.