आंबट म्हटलं की आंबटच

मी पीएच मीटर बोलतोय. नाव ऐकून पळू नका, शाळेतला रसायनाचा तास घेणार नाहीये मी. दिसायला मी जाड्या पेनासारखा. पिवळं अंग, पोटावर आकडे दाखवणारी एक छोटी खिडकी आणि तळाला काचेचा इवलासा गोळा. तो गोळा पाण्यात बुडवला की पाणी आंबट आहे की चुन्याच्या चवीचं, ते मी सांगतो. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली आंबट, सातच्या वर चुना. एवढंच माझं ज्ञान, पण जे आहे ते पक्कं.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला दोन निरनिराळ्या पाण्यांत बुचकळून काढलं आणि दरडावून सांगितलं, हे चार, हे सात, घोकून ठेव. मी घोकून ठेवलं. तेव्हापासून मला खोटं बोलताच येत नाही. तुम्ही माणसं किती सहज बोलता हो! मला हेवा वाटतो कधीकधी.

एका खोक्यातून मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावी सुमंतकाकांच्या घरी येऊन पडलो. काकांचं सारं आयुष्य मोटारींचे सुटे भाग तपासण्यात गेलेलं. आता रिटायर झालेत, पण तपासण्याची खोड काही रिटायर झालेली नाही. पोळी फुगली नाही तरी ते त्याचं ‘रूट कॉज’ शोधतात आणि मीनाक्षीकाकू लाटणं खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहतात.

काकांचे गुडघे दुखतात. शेजारच्या डेव्हने त्यांना गांजाचं एक रोप आणून दिलं होतं, याचा पाला तेलात मुरव आणि मालिश कर म्हणाला. इथे घरी अशी बारा रोपं लावायला कायद्याची परवानगी आहे, काका इथले नागरिकही झालेत, म्हणजे पोलिसांची भीती नाही. बेसमेंटच्या छोट्या खोलीत दिवा टांगून, कुलूप लावून काकांनी ते रोप वाढवलं. मातीतून निथळलेलं पाणी मोजायला मला आणलं. मी साडेसहा म्हणालो. काका खूश, रोप खूश, मीही खूश.

मग यवतमाळहून गिरिजाताई आल्या.

गिरिजाताई म्हणजे मीनाक्षीकाकूंच्या थोरल्या बहीण. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. काका कंपनीतल्या साहेबांना कधी घाबरले नाहीत, पण या मेहुणीपुढे त्यांचा सदरा आपोआप नीट खोचला जातो. कुलपाची किल्ली काकांनी कुठे लपवली होती म्हणाल? देव्हाऱ्याच्या खालच्या खणात. आणि त्याच खणात वाती! ताईंनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी वातींबरोबर किल्ली काढली, खाली येऊन दार उघडलं आणि विचारलं, हे काय लावलंय सुमंतराव?

काकांच्या मागे मी शेल्फवर होतो. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. ते म्हणाले, "अंबाडी."

आता यात काकांची हुशारी बघा. अंबाडीचं पान आणि गांजाचं पान, दोन्ही हाताच्या पंजासारखी. अगदी सख्खी भावंडं शोभतील. पण यवतमाळच्या बाईला अंबाडी सांगायची म्हणजे काय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ताईंचा चेहरा असा उजळला की मलाच अपराधी वाटलं. अमेरिकेत अंबाडी, बाप्पा! कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन भाजी करू, ज्वारीची भाकरी करू, असं त्या जिना चढेपर्यंत बोलत होत्या. वर मीनाक्षीकाकूंनी कपाळावर हात मारला आणि काकांना बजावलं की हा घोळ तुमचा, तुम्हीच निस्तरा, मी मध्ये पडणार नाही.

काका निस्तरतील असं मला वाटलं होतं. नाही निस्तरलं.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्याच खाली आल्या आणि त्यांनी एक पान तोडून चावलं. अंबाडी कशी, जिभेला लागताच डोळा मिटायला लावेल अशी आंबट हवी. हे पान कडवट, खरबरीत. ताईंनी थुंकून टाकलं आणि विचारात पडल्या. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, ही अंबाडी नव्हेच. पण ताईंचा मेहुण्यावर विश्वास. मेहुणा खोटं कशाला बोलेल? तेव्हा खोट मातीतच असणार. अमेरिकेच्या मातीत आंबटपणा नाही, म्हणून पानात उतरत नाही, असा त्यांनी निकाल दिला. आणि रोज सकाळी वाती काढता काढता किल्ली घेऊन त्या खाली यायच्या आणि कुंडीत चिंचेचा कोळ ओतायच्या. कधी आंबट ताकही. अगदी प्रेमाने, भावाच्या ताटात तूप वाढावं तसं.

मी लगेच बोंब मारली. सहा म्हणालो, मग साडेपाच, मग पाच. रोपाची पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. काकांना वाटलं, खत कमी पडतंय. त्यांनी खत वाढवलं. अहो, मातीत खत भरपूर होतं! पण माती इतकी आंबट झाली की मुळांना ते उचलता येत नाही. ताट वाढलेलं आणि दातखीळ बसलेली, अशी रोपाची गत. त्यावर काका आणखी वाढतायत. पानांची टोकं करपली.

मग काकांनी चुना घातला. मी चढत चढत सातच्या वर गेलो. दुसऱ्या सकाळी ताईंचा कोळ, मी पुन्हा खाली. काकांचा चुना, मी वर. बेसमेंटमध्ये नुसता पाळणा चालला होता, आणि पाळण्यात मी. कुंडीभोवती चिलटं घोंघावायला लागली. काका रात्रंदिवस यूट्यूब बघायचे. त्यांनी नळाचं पाणी तपासलं, खताची बाटली तपासली, दिव्याची उंची तपासली, डेव्हलाही बोलावून आणलं. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. घरातल्या माणसांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

शेवटी काकांची नजर माझ्यावर आली. "हेच फॉल्टी आहे," ते म्हणाले.

मी! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं झालं. त्यांनी मला पुन्हा त्या दोन पाण्यांत बुचकळलं. चार आणि सात, मी घडाघडा म्हणून दाखवलं. तरी विश्वास नाही. त्यांनी माझा एक धाकटा भाऊ मागवला. तोही तेच आकडे सांगायला लागला, तर म्हणाले, दोघंही एकाच कंपनीचे, दोघंही फसवे. भावाला परत पाठवलं. माझी परत पाठवायची मुदत उलटून गेली होती, म्हणून मला कचऱ्यात टाकायचं ठरलं. आठवड्याची कचऱ्याची गाडी शनिवारी यायची. माझ्यासाठी आता शनिवारच्या आत खरं बाहेर पडणं भाग होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. मला हातच नाहीत.

त्याच शनिवारी महाराष्ट्र मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून न्यायचा, आणि ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी अंबाडी आणणार. काकांनी हे ऐकलं तेव्हापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं. चाळीस मराठी माणसं, लहान पोरं, आजी-आजोबा, आणि भाजी कसली! तरी तोंड उघडेना. त्यांनी बेत काय केला, तर सकाळी लवकर उठून रोपच उपटायचं आणि कीड लागली म्हणून सांगायचं. एका खोट्यावर दुसरं.

शनिवारी सकाळी ते खाली आले. आधी मला उचललं, कचऱ्याच्या डब्यावर धरलं. खाली केळ्याची सालं दिसत होती. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गिरिजाताई एका हातात रोवळी, एका हातात पातेलं घेऊन आल्या. म्हणाल्या, खुडायच्या आधी शेवटचा हात मारते.

काकांनी पातेल्यात पाहिलं. त्यांनी विचारलं हे काय, आणि ताईंनी सरळ सांगितलं, चिंचेचा कोळ, रोज घालते, तुमच्या अंबाडीला आंबटपणा नाही म्हणून. काकांनी मला हळूच त्या पातेल्यात बुडवलं.

तीन, मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी म्हणालो नव्हतो.

काका धुण्याच्या टोपलीवरच बसले. ताई, ही अंबाडी नाही, ते म्हणाले, हा गांजा आहे, गुडघ्यांसाठी, तुम्ही काय म्हणाल म्हणून खोटं बोललो. मला वाटलं आता कोळ काकांच्या डोक्यावर. पण ताईंनी पातेलं धुण्याच्या मशीनवर ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गांजा लावला त्याचं काही नाही सुमंतराव," त्या म्हणाल्या. "पण इतके दिवस मला अंबाडीची आस लावून ठेवली. काहून?"

मग ताईंनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, हे कांडं काय सांगत होतं इतके दिवस?

"आंबट. आंबटच म्हणत होतं."

"म्हणजे खरं तेच सांगत होतं. खोटं तुम्ही बोलले, चिंच मी ओतली, अन् कचऱ्यात हे जाणार?"

माझ्या आयुष्यात माझी बाजू घेणारं ते पहिलं माणूस. मला रडता येत नाही, नाहीतर माझाच पीएच बिघडला असता.

काकांनी मला नळाखाली धुतलं, गोळा हलकेच टिपला आणि सॉरी म्हणाले. मला म्हणाले की ताईंना, कळलं नाही; दोघांनीही माफ केलं. मग काका, ताई आणि मी, तिघांनी मिळून कुंडीतून भरपूर साधं पाणी सोडलं. खत बंद, चुना बंद, चिंच बंद. करपलेली पानं तशीच राहिली, पण वर नवी पालवी हिरवीगार आली. पॉटलकला ताईंनी पालकात तो उरलेला कोळ घालून भाजी नेली. लोक बोटं चाटत म्हणाले, काय अंबाडी झालीय! ताई हसल्या आणि आणखी वाढत राहिल्या. मला नेलं नव्हतं म्हणून निभावलं.

आता ताई यवतमाळला परतल्यात. माझ्या खिडकीतले आकडे जरा पुसट झालेत, काचेचा गोळाही म्हातारा झालाय, सांगायला थोडा वेळ लागतो. काका तोवर थांबतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल, तेच तेच नको असलेलं सांगणारं. त्याला डब्यावर धरण्याआधी एवढं करा बाबांनो, आधी घरातल्यांना विचारा.