घळीआधीचा चहा

या, असे जवळ सरकून बसा. कॅनडातल्या मॅकेन्झी नदीकाठची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण रिकाम्या हातानं उठू देणार नाही.

गुड होप गावच्या मोदेस्तनं चाळीस वर्षं पाहुण्यांना बोटीतून नदी दाखवली. आता गुडघे गेले. बोट लेक ल्युसीनला द्यायची की विकून टाकायची, हे आज ठरायचं होतं. बोट ती चालवणार, तो नुसता बघणार. सोबत ओटावाचं एक जोडपं होतं, पांढऱ्या कड्यांची घळ पाहायला आलेलं.

घळीच्या अलीकडं खळाळतं पाणी लागतं. तिथं ल्युसीननं बोट काठाला लावली. पुढं जाण्याआधी नदीला चिमूटभर तंबाखू द्यायची, हा तिथला जुना रिवाज.

"बाबा, तंबाखू काढ."

मोदेस्तनं खिसे चाचपले. डॉक्टरनं पाइप सोडायला लावला, तेव्हापासून पुडी घरीच राहायची. पाहुण्यांसमोर तो ओशाळला.

"चल गं, एक दिवस नाही दिली तर नदी काय रुसणार आहे?"

"हेच दुसरं कुणी म्हणालं असतं, तर तू त्याला इथंच उतरवलं असतंस."

"अगं, उशीर होतोय."

"मी नाही नेणार. तू ने हवं तर, गुडघ्यांना विचारून."

पाहुणी फिसकन हसली.

ल्युसीननं काठावर जाळ केला, चहा उकळला. बापासाठी साखर घातलेला पहिला पेला तिनं नदीत ओतला. "तंबाखू विसरलो, माय. एवढं गोड मानून घे."

मग आपला पेला घेऊन ती पाण्याकडं बघत बसली.

"बाबा, तुझ्या नेहमीच्या उजव्या वाटेवर पाणी सुरकुतलंय. खाली खडी आलीय."

मोदेस्तनं डोळे बारीक केले. खरंच की! यंदा नदी फार उतरली होती. घाईनं गेले असते तर इंजिनाचा पाण्यातला पंखा तुटून बोट आडवी झाली असती.

ल्युसीननं डावी वाट धरली. दोन्ही अंगांनी पांढरे कडे वर चढत गेले. पाहुणे माना वर करून बघत राहिले. मोदेस्तनं गळ्यातली इंजिनाची जादा किल्ली काढून लेकीपुढं धरली.

"हे काय?"

"मला आता कशाला? माझा चहा तेवढा राहिला."

द्यावं आधी, मग घटकाभर पाण्यापाशी बसावं, हे ल्युसीनला शिकवलं तिच्या आजीनं, फिलोमेननं. कुठल्याही नदीत पाऊल टाकाल, तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.