समासातला शेरा

काकांनी गुडघा टेकून कपाटाचा खालचा खण ओढला, तशा कागदाच्या गुंडाळ्या भसकन बाहेर आल्या.

"सावकाश, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी या कपाटांना तुमचाच धाक."

"कपाटं माझीच होती, बाई. तुम्ही मागाहून आलात."

बाई हसल्या. चार वाजता कागद कापायचं यंत्र येणार होतं आणि प्रयोगशाळेतले सगळे जुने आलेख त्यात जाणार होते. प्रयोगाला बसलेल्यांची माहिती बाहेर जाता कामा नये, असा नियम.

"एक नेलीत तर मी पाहिलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण एकच हं. आणि यावर नावं कुठे आहेत? नुसते क्रमांक. ओळखणार कशी?"

"हसली होती ती," काका म्हणाले आणि पुन्हा खणात वाकले.

बायको जाऊन सात महिने झाले होते. फोटो होते, चष्मा होता. तिच्या हसण्याची खूण मात्र फक्त इथे होती.

इथलं यंत्र काकांच्या ताब्यात असे. हाताच्या पाठीवरच्या शिरेवर एक बारीक दांडी टेकवायची. दंडाला पट्टा आवळला की शीर रक्ताने फुगे, दांडी उचलली जाई आणि कागदावरचं पेन वर चढे. मग शिरेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे औषध थेंबथेंब सोडायचं. शीर आपली आपण आवळून घेई, साठलेलं रक्त हृदयाकडे ढकलून देई. पेन खाली येई. शीर म्हणजे नुसती नळी नव्हे, कोठार आहे, असं इथले जुने सर सांगत. प्रयोगाला कुणी आलं नाही की काका बायकोलाच बसवत.

गुंडाळी तिसऱ्या खणात सापडली. चढलेल्या रेघेवर मध्येच कंगव्यासारखे दाते. दांडीच्या हलण्याने तिला गुदगुल्या होऊन हसू फुटलं होतं, तेही सरांसमोर. काकांनी त्या दात्यांवरून बोट फिरवलं.

मागे त्याच क्रमांकाची आणखी एक गुंडाळी होती. ही काही त्यांना आठवेना. त्यांनी ती टेबलावर उलगडली.

रेघ वर चढलीच नव्हती. औषध सुरू केल्याची खूण वीतभर पुढे होती. शीर त्याआधीच आवळलेली. समासात त्यांच्याच अक्षरात शेरा होता: 'यंत्रात दोष. दांडी तपासणे.' वर तारीख.

ती तारीख त्यांना पाठ होती. बायको गेल्यावर तिच्या पेटीत एक रिपोर्ट सापडला होता. मूल होणार नाही, हे तिने त्यांना एका रविवारी सांगितलं होतं, कालच कळलं म्हणून. रिपोर्ट मात्र आधीच्या मंगळवारचा होता, याच तारखेचा. आपल्याला तेव्हाच का नाही सांगितलं, हे सात महिने त्यांना उलगडत नव्हतं.

मंगळवारी ती इथे आली होती. दारात, पर्स छातीशी धरून.

"अहो, जरा बोलायचं होतं."

"बरी आलीस! ऐनवेळी टांग दिली एकाने. बस, हात इथे ठेव. आता हलायचं नाही आणि बोलायचंही नाही."

ती बसली होती. चाळीस मिनिटं. ते स्क्रू पिळत राहिले होते.

डॉक्टरीणबाई कागदावर वाकल्या. "औषधाच्या आधीच? खोली गार होती का?"

"खोली मी ऊबदारच ठेवायचो."

"मग हे आतलंच. माणूस मनात काही दाबून बसलं, की शरीर आपणहून तेच औषध सोडतं. यंत्राला काय झालं होतं?"

काकांनी खिशातली पेन्सिल काढली. समासातला शेरा खोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग कागद नीट गुंडाळून त्यांनी काखेत धरला आणि दुसरी गुंडाळी ढिगावर ठेवली.

"अहो काका, हसलेली इथेच राहिली की!"

"ते हसणं मी ऐकलं होतं, बाई," काका म्हणाले.