नापास गाडीची ओवाळणी

"चपला बाहेर काढ लवू, आणि तू पण बाहेरच थांब."

माझा सख्खा धाकटा भाऊ चार वर्षांनी माझ्या दारात आला होता, तोही भावबिजेच्या संध्याकाळी, आणि मी त्याला हे बोलले. बोलले ते बोलले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी आणि तोंड दूध सांडलेल्या मांजरासारखं.

"बाय गो, आत तरी घे," तो म्हणाला.

गॅलरीतल्या सगळ्या दारांतून माना बाहेर आल्या. आमच्या परळच्या चाळीत कुणाची डाळ करपली तरी चार बिऱ्हाडांना कळतं, हे कसं लपणार?

आणि लपवायचं काय होतं? गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं तेव्हा लवू पोलिसांच्या गाडीत बसून मिलमध्ये कामाला गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाया गेटवर गेलो. जो आत जाईल त्याला बांगड्यांचा आहेर द्यायचा, असं शेजारच्या पुतळामावशीने ठरवलं होतं. लवू आला तशी ती माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, बघतेस काय? भावाच्या तळहातावर मी माझ्या हाताने हिरव्या बांगड्या ठेवल्या. त्याचं पोर तेव्हा आजारी होतं, डब्यात दाणा नव्हता, मला ठाऊक नव्हतं होय? पण पोट काय त्याला एकट्यालाच होतं? आमचे हे त्याच खात्यात, त्याच्या शेजारच्या मागावर. ते नाही गेले. पुढे मिलने त्यांना घेतलंच नाही. आता दादरच्या फुलबाजारात पाट्या उचलतात.

तेव्हापासून भावबिजेला मी चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेली बाई ओवाळते तसं. बिजेचा चंद्र नखाएवढा. दिवेलागणीला दिसतो आणि बघता बघता मिलच्या चिमणीमागे उतरतो.

"कोण हा?" माझी चार वर्षांची शकू पायात येऊन विचारायला लागली.

"मामा तुझा," लवू म्हणाला. ते काही खोटं नव्हतं. तेवढ्यात शकूने त्याचं बोट धरून त्याला आत आणलं. पोरीला कशाला ओरडायचं?

त्याने पिशवीतून एक लाल प्लॅस्टिकची गाडी काढली. "बघ हां शकू. ही गाडी. आता असं ओढायचं." गाडीचा पुढचा भाग वर आला, त्यातून डोकं निघालं. दरवाजांचे हात झाले, मागच्या चाकांचे पाय. "झाला की नाय गाडीचा माणूस? रोबो म्हणतात ह्याला."

शकूचा आ वासलेलाच राहिला. लवूने तो माणूस जमिनीवर उभा केला. क्षणभर राहिला, मग त्याचा डावा पाय मुडपला आणि तो तोंडावर पडला.

"मोडकं आणलंस?" मी म्हटलं.

"नापास माल आहे." लवू खाली बघत होता. "शीवला खेळण्यांच्या कारखान्यात लागलोय. डावा पाय मी बसवतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डावा पाय. उजव्याला दुसरा माणूस आहे."

"आणि मिल?"

"साचाखातं, सगळे माग, बंद केलं. जे आत गेले होते त्यांनाच आधी बाहेर काढलं."

बरं झालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. म्हणता आलं नाही. अख्खा माग चालवणारा माझा भाऊ दिवसभर बाहुल्याचा डावा पाय बसवतो! राग आता त्याच्यावर नव्हता, पण होता.

"धड गाडी आणता नाय आली?"

"विकत आणली असती तर विचारलं असतंस, कुठल्या पैशाची. ही माझ्या हातची आहे. पाय मीच बसवलेला, मुकादमाने नापास केला."

मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे उघडली. त्याच हिरव्या बांगड्या. "एक पण फुटू दिली नाय. परत घे बाय. संपलं ना आता सगळं."

माझं डोकंच फिरलं. "काय संपलं? संप मागे घेतला असं कुणी येऊन सांगितलं तुला? आम्हाला तर कुणी नाय सांगितलं. दिलेला आहेर मी परत घेत नसते. तुझ्या घरी ठेव. पोरगा मोठा झाला की दाखव त्याला, आत्याने काय दिलं ते."

त्याने पुडी बांधली आणि खिशात टाकली. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

इकडे शकू त्या रोबोला उभा करत होती आणि तो पडत होता. आता रडणार, असं दिसलं. खिळ्याला ह्यांच्या मिलच्या वेळची सुताची लड टांगलेली असते. तिच्यातलं एक सूत मी तोडलं. "हे घे. मी पाय सरळ धरते, तू बांध."

लवूने सूत दोन बोटांत घेतलं, पायाला फिरवलं, अंगठ्याने दाबलं. मागावर तुटलेला धागा जोडायची ती गाठ. तांदळाच्या कणीएवढी, कुठे मारली ते सापडायचं नाही. पाय ताठ झाला.

"पण आता ह्याची गाडी नाय होणार गो," तो म्हणाला. "पाय दुमडणारच नाय."

"नको होऊ दे. गाड्या नाक्यावर ढिगाने उभ्या आहेत."

"शेवंते, चंद्र चालला," दारातून पुतळामावशी म्हणाली. हाताची घडी घालून उभी होती. तिचा मुलगाही संपात मिलमध्ये गेला नव्हता. संपाच्या दुसऱ्या वर्षी खचून गावी गेला, तो परत आलाच नाही. "कुणाला ओवाळतेस ते बघायला आलेय."

निरांजन लावून मी गॅलरीत आले. आधी चंद्राला ओवाळलं. चार वर्षं तो न चुकता आला होता, त्याला टाकणारी मी नव्हे. मग तशीच वळले.

"लवू, पाट बाहेर आण. आत नाय, इथेच बस. सगळ्यांसमोर."

"नाक घासलं का त्याने?" पुतळामावशीने विचारलं.

"नाय. आणि मी पण नाय घासलं. बांगड्या मी दिल्या, ओवाळणार पण मीच. तुला काय बोलायचंय ते तबक खाली ठेवल्यावर बोल."

लवू पाटावर बसला, मी कुंकू लावलं. वाऱ्याने ज्योत वाकायला लागली तशी पुतळामावशी पुढे आली आणि पदर आडवा धरून उभी राहिली. तोंडाने पुटपुटत होती, बहुतेक शिव्याच.

ओवाळून झालं. ओवाळणी टाकायला लवूने खिसा चाचपला आणि हात तसाच बाहेर काढला. खिशात पुडीच होती. मग शकूकडे बघून त्याने हात पुढे केला. तिने जरा विचार केला आणि तो लाल रोबो दिला. लवूने तो तबकात उभा केला, ज्योतीपासून जरा लांब.

तबक घेऊन आत येताना माझा पाय उंबऱ्याला अडखळला. अक्षता सांडल्या, सुपारी घरंगळली. रोबो उभाच होता.