ताठ पाठीची झोप

माझी पाठ हलत नाही. सतरा वर्षं दर रविवारी सकाळी मी ध्यानाला बसतोय आणि त्यातून पदरात काय पडलं म्हणाल, तर एवढंच. भिंतीकडे तोंड करून चाळीस मिनिटं बसायचं, घंटा झाली की उठायचं. बाकीचे चुळबुळतात, खोकतात, हळूच मांडी बदलतात. मी ढिम्म. नवा माणूस आला की आमचे मास्तर त्याला सांगतात, "काही विचारू नका, फक्त त्यांच्या पाठीकडे बघा." चेहऱ्याबद्दल माझं असं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही, त्यामुळे मला ते आवडायचं.

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. हार्डवेअरच्या दुकानावर त्यांनी एक लांबट खोली भाड्याने घेतली आहे. तिच्यात चटया, एक पितळी घंटा आणि आम्ही दहाबारा जण. खालून खिळे तोलल्याचा आवाज येत असतो. मास्तर आमच्या मागे खुर्चीवर बसतात, म्हणजे त्यांना दिसतात त्या फक्त पाठी. तोंड भिंतीला, पाठ मास्तरांना, ही तिथली रीत. चेहरे बघायला लागलं की माणूस चेहरे करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

मी तिथे गेलो तो स्वतःहून नाही. माझ्या बायकोने पाठवलं. मी कवळ्या बनवतो. दाताचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, गुलाबी मेणात एकेक दात बसवतो आणि बोळक्या तोंडाला पुन्हा हसण्याची सोय करून देतो. एकदा एका डॉक्टरने तीच कवळी चौथ्यांदा परत पाठवली, तेव्हा मी ती नेऊन त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हणालो, "आता तुम्हीच घालून बसा." पुढे त्याच्याकडून काम येणं बंद झालं. बायको म्हणाली, "अहो, कुठेतरी जाऊन गप्प बसायला शिका. नाहीतर घरात बसायची वेळ येईल."

खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं चांगली गेली. राग पोटातून वर येताना दिसायला लागला. आपण आत ज्याला 'मी मी' म्हणत असतो, त्याला शोधायला जावं तर तिथे कुणी नसतं, हे एकदा लख्ख दिसलं. रिकाम्या खोलीचं दार उघडावं तसं. घाबरलो नाही, उलट हसू आलं. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी घासली आणि बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मग माझे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले. सहा वर्षं. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांचे दात करायचे. रविवारची बैठक मी चुकवली नाही. तेवढीच चाळीस मिनिटं मला कुणी हाक मारत नसे. अण्णा गेले तेव्हा मी रडलो नाही. आमच्या गटातल्या औषधदुकानवाल्या बाई भेटायला आल्या होत्या, त्या जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "केवढी समता आलीय हो यांच्यात!" बायकोने त्यांना दारापर्यंत पोहोचवलं आणि परत येऊन दार जरा जोरातच लावलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मलाही वाटत होतं, की आलीय बुवा समता. राग नाही, हौस नाही, कशाचं सुतक नाही की सोयर नाही. पुस्तकांतून ज्याला शून्य म्हणतात ते हेच असणार, असं मी धरून चाललो. गेल्या महिन्यात मास्तर म्हणाले, "माझे गुडघे गेले. या खोलीची किल्ली आणि घंटा आता तुम्ही घ्या." मी मान डोलावली. आनंद झाला नाही. आनंद न होणं हीसुद्धा प्रगतीच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्याच आठवड्यात बायकोच्या मानेतली गाठ डॉक्टरांच्या हाताला लागली.

ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगून घसा बसतो, तसंच काही असेल म्हणून तिने आधीचे दोन महिने अंगावर काढले होते. डॉक्टरांनी सुई घालून नमुना काढला आणि बुधवारी निकाल घ्यायला बोलावलं. मध्ये नऊ दिवस. पहिल्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला भीती वाटतेय."

मी म्हणालो, "जे असेल ते असेल. आत्ता या क्षणी तर तू ठीक आहेस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी अनोळखी माणूस चुकून घरात येऊन बसलाय, असं. "बुधवारी तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "मी ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन जाईन. ती निदान माझ्या आधी रडेल."

यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही आलं नाही.

रविवारी मी घराची किल्ली घेऊन गेलो आणि तिला डेपोत जायचं होतं, म्हणून ती खोलीवर किल्ली मागायला आली. बैठक चालू होती. माझी जागा दाराला लागूनच, त्यामुळे दारातून माझा चेहरा बाजूने दिसतो. ती दारात उभी राहिली ते मला कळलंच नाही. घंटा झाल्यावर मास्तरांनी तिला हळूच आत बोलावलं आणि अभिमानाने म्हणाले, "बघितलंत? चाळीस मिनिटं तसूभर हलले नाहीत."

"झोपले होते ते," बायको म्हणाली.

खाली कुणीतरी पत्रा टाकला त्याचा खडखडाट तेवढा झाला.

जिना उतरताना ती म्हणाली, "चारचौघांत बोलायला नको होतं. पण अठ्ठावीस वर्षं शेजारी झोपतेय मी तुमच्या. झोप लागली की तुमचा खालचा ओठ डावीकडे सुटतो. तिथे सगळ्यांना तुमची पाठ दिसते, म्हणून त्यांना कळत नाही."

पूर्वीचा मी असतो तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. मी तिला किल्ली दिली. ती म्हणाली, "भांडा तरी." मी म्हणालो, "संध्याकाळी येताना दूध आण." ती गेली.

सोमवारी कामाला बसलो. वरच्या ओळीचे सहा दात मेणात लावून झाले होते. हे काम मी डोळे मिटून करू शकतो, आणि त्या दिवशी लक्षात आलं, की खरोखरच बऱ्याचदा डोळे मिटूनच करतो. मेण वितळवायचा दिवा जळत होता. मी बसल्या जागी आठवत गेलो. बैठकीत बसल्यावर सुरुवातीचे चार-पाच श्वास आठवत होते. त्यानंतर थेट घंटा. मधलं काहीच नाही. ज्याला मी शून्य समजत होतो ती साधी झोप होती, आणि ज्याला समता समजत होतो तो शीण होता. तीन वर्षं! माणसाने स्वतःला मूर्ख बनवावं, पण त्याला काही प्रमाण? मला माझीच लाज वाटली, पण तीही अर्धवट, दुरून.

दिवा विझवला आणि मास्तरांकडे गेलो. ते पलंगावर पाय लांब करून गुडघ्यांना तेल लावत होते.

"मास्तर, ती खरं बोलली. मी झोपतो."

"कधीपासून?"

"अण्णा गेल्यापासून. बहुतेक त्याच्याही आधीपासून."

त्यांनी बाटलीतून आणखी तेल हातावर घेतलं. मग म्हणाले, "मी गुडघ्यांमुळे सोडत नाहीये. बसता येतं मला खुर्चीवर. कंटाळलोय. चाळीस वर्षं बसून आपल्याला काय मिळालं, असं मनात यायचं, तेव्हा तुमची पाठ बघायचो. म्हणायचो, एकाला तरी मिळालं. तेवढ्यावर ही दोन-तीन वर्षं काढली मी."

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा कसा धरायचा हे मला सहा वर्षांत चांगलं कळलं होतं.

"मग आता मी काय करू?" मी विचारलं.

"झोपा. आडवे होऊन झोपा, माणसासारखे."

"आणि शून्य?"

"ते कुठे पळून जातंय?" ते वैतागून म्हणाले. "बायकोचा निकाल कधी आहे?"

"बुधवारी. ती मला नेत नाहीये."

"मला विचारायला इतक्या लांब आलात. तिला विचारा."

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच उभं राहून म्हणालो, "बुधवारी मला घेऊन चल."

"कशाला? तिथे मख्खासारखे बसणार. माझा जीव टांगणीला, आणि शेजारी तुमचा तो शांत चेहरा. नको मला."

"मी शांत नाहीये गं," मी म्हणालो. "मी संपलोय. तू भीती वाटते म्हणालीस ना, त्या दिवसापासून मी शोधतोय. मला तुझ्यासाठी भीती वाटायला पाहिजे. ती सापडत नाहीये. मला काहीच वाटत नाहीये."

तिच्या हातात माझाच सदरा होता. तिने तो घडी न घालता मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर फेकून मारणार. ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत, तर मी इतके दिवस एकटीने कुढले नसते. मला वाटलं, तुम्हाला मी नकोशीच झालेय."

"मग येऊ?"

"या. पण उपदेश करायचा नाही. 'या क्षणी' वगैरे म्हणालात तर तिथल्या तिथे हाकलून देईन."

बुधवारी दवाखान्यात लांबलचक बाकावर आम्ही बसलो. समोर नंबर दाखवणारा फलक, बाजूला पाण्याची टाकी, साखळीने बांधलेला पेला. ती माझा हात धरून होती आणि तिचा तळवा ओला होता. मी श्वासाकडे पाहिलं नाही. फलकाकडे पाहिलं. एकेक आकडा पुढे सरकत होता. आत जाणारा प्रत्येक माणूस बाहेर येताना कसा दिसतो, हे ती बघत होती.

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "साधी गाठ आहे. घाबरायचं काही कारण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवून जा."

बायकोने तोंडावर पदर धरला आणि रडली. मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, कागद नीट घडी करून खिशात ठेवला. बाहेर आलो. ती म्हणाली, "जरा बसू या." पुन्हा त्याच बाकावर बसलो. आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाट बघत बसलो होतो, एवढंच आठवतं.

जागा झालो तेव्हा बाकावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. फलक बंद झाला होता. एक बाई फरशी पुसत आमच्या पायांपर्यंत आल्या होत्या आणि पाय उचलायला न सांगता वळसा घालून पुढे गेल्या. माझं डोकं बायकोच्या खांद्यावर होतं. तिच्या पदरावर माझी लाळ सांडली होती.

"किती वाजले?"

"अडीच तास झाले."

"अगं, उठवायचं नाही का?"

"किती दिवसांचे जागे होतात काय माहीत," ती म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने स्वतःचा हात उचलून मांडीवर ठेवला. खांद्यापासून पार बधिर झाला होता. "पाणी प्यायचं होतं मला, पण हलले असते तर तुम्ही उठला असतात."

मी तो हात दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागलो. बोटं गार पडली होती. चोळता चोळता मनात आलं, हा हात थंडच राहिला असता तर? त्या कागदावर दुसरं काही लिहिलेलं असतं तर? पुढच्या वर्षी या बाकावर मी एकटाच बसलेलो असतो तर? आणि मग ती आली. भीती. पोटातून उठून सरळ घशात. नऊ दिवसांची, का नऊ वर्षांची, कुणास ठाऊक. माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. हात चोळणं थांबलं आणि मी तो नुसता घट्ट धरून राहिलो.

"अहो, काय झालं?"

"तुला काही झालं असतं तर?"

"पण काही झालेलं नाहीये. ऐकलंत ना आत्ता? तुमच्याच खिशात आहे कागद."

"हो," मी म्हणालो. ते मला कळत होतं, आणि तरी थांबता येत नव्हतं. फरशी पुसणाऱ्या बाई बादली टेकवून आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. बायकोने त्यांना हातानेच सांगितलं, की काही नाही, सगळं ठीक आहे. मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत एवढा खूश पाहिला नव्हता.

"घाबरा," ती म्हणाली. "पोटभर घाबरून घ्या. मी आहे बसलेली."