हाताला बांधलेली ट्यूब

आमच्या मालकांना काय सांगायला जावं, तर पालथ्या घड्यावर पाणी. रखमाजी नाव माझ्या नवऱ्याचं. पिंपरी पेंढारात निम्म्या गावाच्या मोटरी दुरुस्त करत्यात, म्हणून जगातलं सगळं त्यांनाच कळतं!

किडन्या गेल्यापास्नं आळेफाट्याला डायलिसिस चालू हाय. डाव्या हातात डॉक्टरांनी दोन शिरा जोडून एक जाड शीर केलीय, फिस्टुला म्हणत्यात. तिच्यातच सुया टोचायच्या. उजव्या हातातली अशीच शीर आधी बंद पडलेली, तवा हा एकच हात उरलेला. त्याच्यावर तळवा ठिवला की आत थरथर लागती, पाइपातनं पाणी चालल्यावर लागती तशी. रोज सकाळी चहाच्या आधी मी हात ठिवून बघते. थरथर हाय म्हंजी माणूस हाय, एवढं मला कळतं.

सुया टोचणारा आदेश लई गुणाचा. तो म्हणायचा, "मामा, जागा बदलू द्या." तर हे म्हणणार, "न्हाई, हितंच टोच. हितं दुखत न्हाई." सारखं तिथंच टोचून हातावर दोन गाठी आल्या, लिंबाएवढ्या. एकीवरची कातडी तर कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलं नि म्हणाले, "फुगवटा काढून शीर शिवून घेऊ. उशीर केला तर फुटेल." सोमवारी ऑपरेशन ठरलं. तवर फुटलंच तर बोटानं दाबून धरायचं, हे आदेशनं आमाला करून दाखवलं.

त्या दिवसापास्नं मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. जेवताना हात मांडीवर जपून ठिवायचे.

शनिवारी सकाळी मी तळवा ठिवायला गेले, तर बाही मनगटापोतर खाली.

"आज ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"का? आज काय सुट्टी हाय?" म्हणून मी बाही वर केली. बघते तर काय, हाताला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली! पाइपाला फुगा आला की आमच्यात हीच पट्टी करकचून बांधत्यात.

"आवं, काय केलं हे!"

"फुटल्यावर दाबायचंच हाय ना? मग आधीच दाबलेलं काय वाईट? पाइप टिकतो की."

"तुमी काय पाइप हाय का!"

पट्टी सोडली. तळवा ठिवला. काय न्हाई. कान लावला. तरी काय न्हाई.

"साळू, बंद पडलं का गं?" मालक म्हणाले. लई शिव्या द्यायच्या व्हत्या मला, पण त्यांचं तोंड बघून एकबी निघंना.

आमच्या पोरानं, सूरजनं टमाट्याचे क्रेट खाली उतरवले नि पिकअप काढली. आदेशला फोन लावला, तर तो म्हणाला, "मामी, चोळू नका. सरळ पुण्याला न्या. लवकर पोचलात तर शीर वाचंल."

डॉक्टरांनी ट्यूबचं ऐकून कपाळाला हात लावला, पण लगेच आत घेतलं. गोठलेलं रक्त काढलं, पातळ कातडी नि फुगवटा कापला, शीर बेताची करून शिवली. मी बाहेर बसून ओझरच्या गणपतीला नवस बोलत व्हते नि मधीमधी मालकांना शिव्याबी घालत व्हते. भीती वाटली की मला असंच व्हतं.

बाहेर आणल्यावर डॉक्टरांनी बँडेजच्या वर माझा तळवा ठिवला. बारीक व्हती, पण थरथर व्हती! मी सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. कसली लाज!

जखम भरंपोतर डायलिसिस मानेतल्या नळीवर भागवलं. आता परत हातात टोचत्यात. नव्या जागी सुई गेली की मालक 'आई गं' म्हणत्यात, पण जागा बदलू देत्यात.

परवा विहिरीवरचा पाइप फुटला. मालक शेडमधी धुंडाळायला लागले.

"साळू, ट्यूबची पट्टी कुठंय?"

"चुलीत घातली."

"अगं, पाणी वाया चाललंय!"

"जाऊ द्या वाया. पाइप दुकानात नवा मिळतो."

मालक मोटर बंद करून आले, माझ्यापुढं बसले नि बाही वर केली. सकाळीच बघितलं व्हतं. तरी मी परत हात ठिवला.